खानदेशात रानातले पोपट कसे बघावेत, कसे टिपावेत: नवीन मंडळींसाठी पायरीवार माहिती

कॅमेरा घेतला की पुष्कळ जण पहिला प्रश्न विचारतात, काकाकुवा कुठे मिळेल? आपल्याकडे मिळणार नाही. डोक्यावर तुरा उभारणारा काकाकुवा ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, इंडोनेशिया, फिलिपिन्स या भागातला. भारताच्या जंगलात तो राहत नाही. जळगावात किंवा धुळ्यात एखादा पांढरा काकाकुवा झाडावर बसलेला दिसलाच, तर तो कोणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटलेला आहे असं समजा.

पण त्याच्याच कुळगोताचे आपले देशी पोपट तापीच्या खोऱ्यापासून सातपुड्याच्या माथ्यापर्यंत भरपूर आहेत. वाकडी चोच, दोन बोटं पुढे आणि दोन मागे असलेला पाय, पायात खाणं धरून खायची सवय, सगळं तेच. रोज दिसतात म्हणून त्यांच्याकडे कोणी नीट बघत नाही, आणि हिरवा पक्षी हिरव्या पानांत असल्यामुळे दहातले नऊ फोटो वाया जातात. हे दोन्ही टाळता येतं. कसं, ते पुढे क्रमाने दिलं आहे.

1. आधी तीन पोपट वेगळे ओळखा

खानदेशात मुख्यतः तीन जाती बघायला मिळतात.

नेहमीचा पोपट, म्हणजे राघू किंवा कीर. लांबी साधारण 40 सेंटिमीटर, पण त्यातली निम्मी किंवा त्याहून जास्त शेपूटच. चोच लाल. मोठ्या नराच्या गळ्याला काळा आणि गुलाबी कंठ. मादीला आणि लहान पिल्लांना हा कंठ नसतो. नरालाही तो यायला दोन-तीन वर्षं लागतात, म्हणून कंठ दिसला नाही की लगेच "मादी" असं लिहून टाकू नका.

पहाडी पोपट अंगाने बराच मोठा, 55 सेंटिमीटरच्या पुढे. चोच इतकी जाड की लांबूनही डोळ्यांत भरते. पक्की खूण म्हणजे खांद्यावरचा लाल-तपकिरी डाग. तो नराला असतो, मादीलाही असतो. आवाज घोगरा आणि खालच्या पट्टीतला. संख्येने हा कमी, आणि त्याला जुनी मोठी झाडं लागतात.

तुईया तिघांत लहान आणि सगळ्यांत चपळ. नराचं डोकं पिकल्या जांभळासारखं, त्यावर निळसर झाक. मादीचं डोकं राखाडी आणि गळ्याशी पिवळट पट्टा. चोच पिवळी. शेपटीचं टोक पांढरं, आणि उडताना हे पांढरं टोकच आधी दिसतं. "टुई, टुई" असा गोड आवाज करत थवा डोक्यावरून निघून जातो. एकदा हा आवाज कानात बसला की वर न बघताही ओळखता येतो.

नेहमीची चूक सांगतो. तुईयाच्या पिल्लाचं डोकं हिरवं असतं, त्यामुळे त्याला राघूचं पिल्लू समजलं जातं. अशा वेळी डोकं सोडा, चोच बघा. पिवळी असेल तर तुईया.

2. खाणं कुठे आहे ते बघा

पोपट सापडत नाही म्हणून दिवसभर रान तुडवणारे खूप. एवढी पायपीट लागत नाही. त्या महिन्यात शिवारात काय पिकलंय, जंगलात काय फुललंय, एवढं कळलं की थवा कुठे उतरणार ते कळतं.

सप्टेंबर-ऑक्टोबरात बाजरी आणि खरिपाची ज्वारी. थंडीत बोरं आणि पेरूच्या बागा. आणि जानेवारीत आपली दादर. तापीकाठच्या काळ्या जमिनीतली ही रब्बीची उंच ज्वारी हुरड्यात आली की थवेच्या थवे उतरतात. नवीन माणसाने सुरुवात इथूनच करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. जंगलापेक्षा इथे उजेड मोकळा मिळतो आणि पक्षी रोज त्याच वावरात परत येतो.

दादरच्या वावरात एक पोपट निवडून त्याच्यावरच नजर ठेवा. तो कणसावर बसून खात राहत नाही. कणीस किंवा त्याचा तुकडा चोचीने तोडतो आणि बांधावरच्या बाभळीवर नाहीतर निंबावर जाऊन बसतो. मग एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायात कणीस धरतो, एकेक दाणा चोचीत घेऊन जाड जिभेने फिरवतो आणि टरफल खाली टाकतो. त्या झाडाखाली टरफलांचा आणि अर्धवट कणसांचा सडा पडलेला असतो. तो सडा सापडला की बसायची जागा सापडली. अर्धं कणीस टाकून तो पुन्हा नवीन आणायला जातो आणि बहुतेक वेळा त्याच फांदीवर परततो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये सातपुड्याच्या पायथ्याला पळस पेटतो, काटेसावर फुलते. तेव्हा तुईया बघायचा. पळसाला त्या दिवसांत पानं जवळजवळ नसतात, त्यामुळे पक्षी लपत नाही. केशरी फुलं, हिरवं अंग आणि जांभळं डोकं असा रंगांचा मेळ वर्षात दुसऱ्या कुठल्याच महिन्यात मिळत नाही. मार्च-एप्रिलात मोह फुलतो. वड, पिंपळ, उंबर पिकले की कधीही चक्कर मारावी.

3. जागा

गावाबाहेरचं शिवार ही पहिली जागा. त्यानंतर जंगलाकडे वळायचं.

जळगाव जिल्ह्यात यावल अभयारण्य आणि पाल, शिवाय मनुदेवीकडचा पायथा. चाळीसगावकडून पाटणादेवी, म्हणजे गौताळा औट्रमघाट अभयारण्याची आपली बाजू. धुळ्याजवळ लळिंगचं कुरण आणि शिरपूर तालुक्यातलं अनेर धरण अभयारण्य. नंदुरबारमध्ये तोरणमाळ. शहाद्याच्या आसपासचं सातपुड्याचं जंगल तर पक्षिमित्रांना 1997 पासून चांगलंच ठाऊक आहे. शंभराहून जास्त वर्षं कोणाला न दिसलेला रानपिंगळा, म्हणजे एक छोटं घुबड, त्या वर्षी तिथे पुन्हा सापडला. पोपटांच्या मागे फिरताना तो दिसला, तर लांबूनच बघा आणि नेमकी जागा कोणाला सांगत बसू नका.

4. सोबत काय घ्यायचं

- दुर्बीण, 8x42, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढची काच 42 मिलिमीटरची. 10x, म्हणजे दहापटवाली घेऊ नका, नवीन हाताला ती थरथरते आणि पानांतला पक्षी पटकन सापडत नाही.
- कॅमेरा आणि निदान 300 मिलिमीटरची लेन्स. 400 असेल तर उत्तम. मोठ्या झूमचा एकसंध कॅमेराही चालतो.
- कॅमेरा टेकवायला धान्याची पिशवी. जुन्या जीन्सचा एक पाय कापून दोन्ही तोंडं शिवायची, आत दीड-दोन किलो ज्वारी किंवा तांदूळ. ठासून भरू नका, तीन चतुर्थांश पुरे, म्हणजे लेन्स नीट बसते. गाडीच्या खिडकीवर, बांधावरच्या दगडावर, मोटारसायकलच्या सीटवर, कुठेही ठेवता येते. वावरात तिपाईपेक्षा हीच सोयीची.
- खाकी किंवा मातकट कपडे. पांढरा रुमाल आणि भडक टोपी घरी ठेवा.
- माणशी तीन लिटर पाणी. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा हा आकडा कमी करू नका.
- छोटी वही आणि पेन्सिल.

कागदपत्रं अशी: आधार किंवा दुसरं ओळखपत्र, गाडीची कागदपत्रं, आणि अभयारण्यात जायचं असेल तर प्रवेश परवाना. अभयारण्यात फोटोग्राफीसाठी जाणं हे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे परवानगीचं काम आहे. कॅमेऱ्याची पावती वेगळी लागते का, ते गेटवर किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात आधीच विचारा, कारण फी आणि वेळा बदलत असतात. पावती परतीपर्यंत खिशात ठेवा. ड्रोन नेऊच नका.

5. पहिल्या दोन संध्याकाळी कॅमेरा घरी ठेवा

ही पायरी सगळे गाळतात, आणि फोटो बिघडतात ते इथेच.

पोपट रात्री एकत्र झोपतात. गावातला जुना वड किंवा पिंपळ, स्टेशनजवळची मोठी झाडं अशा ठिकाणी त्यांचा रातथारा असतो. सकाळी तिथून शिवाराकडे आणि संध्याकाळी शिवारातून तिकडे, असा त्यांचा रोजचा रस्ता ठरलेला असतो. तो शोधायचा.

सूर्यास्ताच्या 45 मिनिटं आधी गावाच्या कडेला मोकळ्या जागी उभे राहा. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, मार्चच्या मध्यात साडेसहाच्या पुढे. थवे कुठून आले, कुठे गेले, किती होते, किती वाजता, एवढं वहीत लिहा. पाच-दहा, पाच-दहा असे ते येत राहतात. दुसऱ्या दिवशी पाचशे मीटर पुढे सरकून तेच करा. दोन दिवसांत रस्ता कागदावर उमटतो. त्यात विजेची तार कुठे येते, मागे काय दिसतं, सूर्य कुठल्या बाजूला असतो, हेही कळून जातं.

सकाळी हाच रस्ता उलट. जानेवारीत सूर्य सात-सव्वासातला उगवतो. पोपट त्याच्या आधीच कलकलाट सुरू करतात, त्यामुळे पावणेसातला जागेवर हवं.

6. वावरात बसायचं कसं

आधी मालकाला भेटा. पोपट शेतकऱ्याचं खरं नुकसान करतात, आणि राखणीला बसलेल्या माणसासमोर "किती सुंदर आहेत हो" म्हणून सुरुवात करणं बरं नव्हे. "आबा, रामराम. पाखरांचे फोटो काढायचे होते, दोन तास बांधावर बसू का?" एवढं पुरतं. बहुतेक जण हो म्हणतात, वर थवा कधी येतो तेही सांगतात. पिकात पाय टाकायचा नाही. गोफण फिरायला लागली किंवा डबा वाजायला लागला की कॅमेरा खाली ठेवायचा, त्यांना थांबवायचं नाही. निघताना त्यांचा वावरातला एक फोटो काढा आणि पाठवा. पुढच्या वर्षी तेच बोलावतील.

सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्ल पाड्यांवरही हाच नियम. आधी माणसांशी बोलायचं, मोहाच्या झाडाखाली नंतर जायचं. मोह वेचायचे दिवस असतील तर ते झाड त्यांच्या पोटाचं आहे, तिथे पहाटे कॅमेरा लावून अडथळा होऊ नका.

सडा पडलेल्या झाडापासून 20 ते 25 मीटरवर, सूर्य पाठीशी ठेवून बसा. उभं राहू नका. हललात की एक पोपट ओरडतो आणि सगळे उठतात. पहिली 20 मिनिटं काहीच मिळणार नाही असं धरून चाला. एकदा परत येऊन बसले की ते तुमच्याकडे लक्ष देत नाहीत.

एक सावधगिरी. रानडुकरांसाठी काही वावरांभोवती तार ओढलेली असते आणि क्वचित तिच्यात वीज सोडलेली असते. मालकाला विचारल्याशिवाय कुठल्याही तारेला हात लावू नका. मोठ्या वडावर आणि पाटणादेवीकडच्या कड्यांसारख्या जागी आग्या मोहोळ असतं. वर बघितल्याशिवाय झाडाखाली बसू नका, अंगाला अत्तर नको, धूर तर नकोच नको.

7. बसलेला पोपट टिपताना

अंतराचा हिशोब आधी करा. 40 सेंटिमीटरचा पोपट, 400 मिलिमीटरची लेन्स, एपीएस-सी सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान, बऱ्याच कॅमेऱ्यांत असतो तो) आणि 20 मीटर अंतर असेल, तर पक्षी शेपटीसकट फ्रेमच्या उंचीच्या निम्म्याएवढा येतो. 40 मीटरवरून पाव. त्यापुढे क्लिक करून काही हाती लागत नाही, दुर्बिणीतून बघण्याचा आनंद घ्या.

- शटरचा वेग 1/500 सेकंद किंवा त्याहून वेगवान. कणीस खाताना डोकं सतत हलतं, 1/250 वर अंग स्वच्छ येतं आणि चोच धूसर.
- अ‍ॅपर्चर (लेन्समधून उजेड आत सोडणारं भोक) एफ/5.6 ते एफ/6.3.
- आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ऑटोवर, वरची मर्यादा 3200.
- फोकस एकाच बिंदूवर आणि तो बिंदू डोळ्यावर. सगळे बिंदू चालू ठेवले की कॅमेरा पुढचं पान पकडतो. पोपटांचे सर्वाधिक फोटो याच कारणाने जातात.
- व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग जुळवायची सेटिंग, ऑटोवर सोडू नका. आजूबाजूला सगळं हिरवं असलं की कॅमेरा त्यात गुलाबी झाक मिसळतो आणि पोपट फिका पडतो. सूर्यप्रकाशाचं चिन्ह निवडा. शक्य असेल तर रॉ फाइल (कॅमेऱ्याची मूळ, नंतर रंग सुधारता येणारी फाइल) ठेवा.

मागे उजळ आकाश असेल तर एक्सपोजर (फोटोतला उजेड कमी-जास्त करायची सेटिंग) +1 करा, नाहीतर पोपट काळा येतो. मागे गर्द झाड असेल आणि पक्ष्यावर ऊन पडलं असेल तर उलट, -0.3 किंवा -0.7. चोचीचा लाल रंग आधी फाटतो, म्हणजे उजेड जास्त होऊन त्यातले बारकावे पुसले जातात, म्हणून स्क्रीनवर फोटो मोठा करून चोचच तपासा. तिथे कडा आणि चमक दिसत असेल तर बाकी सगळं ठीक आहे.

साडेनऊनंतर, विशेषतः फेब्रुवारीपुढे, तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि लांबचा पक्षी पाण्यातून बघितल्यासारखा मऊ येतो. लेन्स बिघडली म्हणून दुकानात नेऊ नका. जवळ जा, नाहीतर साडेचारनंतर परत या.

8. उडते थवे

पाचव्या पायरीत शोधलेल्या रस्त्यावर, मागे तारा येणार नाहीत अशी जागा निवडा. शटर 1/2500, फोकस सततच्या मोडवर, फोकस बिंदूंचा मधला छोटा गट, आणि सलग क्लिक. एक्सपोजर आकाशावर सोडू नका, मॅन्युअल करून आधीच ठरवून ठेवा. थवा लांब असतानाच व्ह्यूफाइंडरमध्ये घ्या आणि सोबत वळत राहा. डोक्यावर आल्यावर शोधायला लागलात तर तो गेलेला असतो.

संध्याकाळी पश्चिमेला पाठ करा. मावळतीचा उजेड पंखांच्या खालच्या बाजूला लागतो आणि पिवळी-हिरवी झळाळी येते. रातथाऱ्यावर मात्र फ्लॅश मारायचा नाही. अंधारात दचकून उडालेले पक्षी तारांवर आणि फांद्यांवर आपटतात.

9. ढोलीपासून लांब

डिसेंबर ते मे हा पोपटांच्या विणीचा काळ, पहाडी पोपट नोव्हेंबरपासूनच सुरुवात करतो. झाडाची नैसर्गिक ढोली, सुतार पक्ष्याने सोडलेलं भोक, राघू तर जुन्या भिंतीतली फटही चालवून घेतो. नर ढोलीच्या तोंडाशी येऊन मादीला भरवतो, हा प्रसंग सगळ्यांनाच टिपायचा असतो. तरी सांगतो, सुरुवातीची दोन वर्षं ढोलीचा फोटो काढू नका.

अंडी साधारण तीन आठवडे उबवावी लागतात आणि पिल्लं त्यापुढे सहा-सात आठवडे आत असतात. एवढ्या काळात माणूस त्या झाडाखाली रोज दिसला, की पिल्लं चोरणाऱ्याला पत्ता मिळतो. पहाडी पोपटाची पिल्लं बाजारात महाग जातात, म्हणून त्याची ढोली सर्वात जास्त धोक्यात. बघायचीच असेल तर 40-50 मीटरवरून, दुर्बिणीने, दहा मिनिटं. पक्षी चोचीत खाणं घेऊन बाहेरच घुटमळत असेल तर तुम्ही जवळ आहात, मागे सरका. ढोलीपुढची फांदी तोडणं, मोबाईलवर पोपटाचा आवाज वाजवणं, फांदीवर पेरू अडकवणं, यातलं काहीही नको.

10. नोंद आणि फोटो टाकणं

घरी आल्यावर त्याच दिवशी तारीख, वेळ, गाव, जात, संख्या आणि काय खात होते ते लिहा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकली तर ती अभ्यासाच्या कामी येते. संख्या अंदाजे असली तरी "खूप" लिहू नका, आकडा लिहा. मोठा थवा असेल तर दहाचा एक गट डोळ्यांनी मोजा आणि तसे किती गट बसतात ते बघा.

समाजमाध्यमांवर टाकताना फोटोतलं लोकेशन काढून टाका. मोबाईलच्या फोटोत ते आपोआप बसलेलं असतं. जागा लिहायचीच तर "जळगाव जिल्हा" एवढं पुरे. ढोलीचा आणि रानपिंगळ्याच्या झाडाचा पत्ता व्हॉट्सअ‍ॅप गटातही नाही.

देशी पोपट पकडणं, विकणं, पिंजऱ्यात पाळणं, ढोलीतून पिल्लं काढणं हे सगळे गुन्हे आहेत. आठवडे बाजारात कोणी टोपलीत पिल्लं घेऊन बसलेलं दिसलं, तर विकत घेऊन सोडवायला जाऊ नका. त्या पैशांतून तो उद्या दुसरी ढोली फोडेल. भांडूही नका. बाजूला होऊन वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. बाजाराचं नाव, ओळखीची खूण, पिल्लं किती आणि पिसं फुटलीत की नाहीत, एवढं सांगा. पिसं न फुटलेलं पिल्लू ऊब आणि खाणं नसेल तर फार तास तग धरत नाही, म्हणून ही शेवटची गोष्ट सांगायला विसरू नका.